आफ्रिकेतला देश फुटबॉलचा विश्वचषक कधी जिंकणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वचषक जवळ आला की आमच्या कोल्हापुरात पेठापेठांतून झेंडे लागतात. ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी, झालंच तर पोर्तुगाल. आफ्रिकेतल्या देशाचा झेंडा मी एकदाच पाहिला, डिसेंबर २०२२ मध्ये, मोरोक्कोचा. पोरांनी लाल कापडावर हातानं रंगवलेला. मूळ झेंड्यावरचा हिरवा तारा नुसत्या रेषांचा, आतून पोकळ असतो. यांनी तो भरीव रंगवला होता आणि त्याच्या एका टोकाचा रंग खाली ओघळला होता. तेव्हापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो आणि २०२६च्या स्पर्धेची सोडत झाल्यापासून तर रोजच. म्हणून एकदाची सगळी उत्तरं लिहून काढली.

एका शब्दात सांगा, जिंकणार का?

जिंकणार. २०२६लाच का, म्हणाल तर मी एक कटिंग चहाही पैजेवर लावणार नाही.

पण प्रश्नात एक खोट आहे. विश्वचषक खंड जिंकत नाही, देश जिंकतो. आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघात ५४ देश आहेत. मोरोक्को आणि मोझांबिक यांना एकाच पोत्यात घालून ‘आफ्रिका कधी जिंकणार’ असं आपण सहज विचारतो. १९३० ते २०२२ या काळात २२ विश्वचषक झाले आणि ते मिळून आठच देशांनी जिंकले : ब्राझील, जर्मनी, इटली, अर्जेंटिना, फ्रान्स, उरुग्वे, इंग्लंड, स्पेन. नेदरलँड्स तीनदा अंतिम सामना हरलं. पोर्तुगाल तर अंतिम सामन्यापर्यंत कधी पोचलंच नाही. त्यांच्याकडे बघून कुणी खंडाच्या लायकीची चर्चा करत नाही.

आजवरची मजल कुठपर्यंत?

कॅमेरून (१९९०), सेनेगल (२००२) आणि घाना (२०१०) उपांत्यपूर्व फेरीपर्यंत. मोरोक्को (२०२२) उपांत्य फेरीपर्यंत आणि शेवटी चौथा क्रमांक. बस्स.

इजिप्त तर १९३४लाच खेळला होता म्हणे. मग एवढी वर्षं कशात गेली?

बरीचशी दारातच गेली. इजिप्त १९३४ला इटलीत खेळला, नेपल्सला हंगेरीकडून ४-२ असा हरला आणि परत आला. त्यानंतर १९७०पर्यंत आफ्रिकेतला एकही संघ विश्वचषकात दिसत नाही. १९६६च्या स्पर्धेत सोळा जागा होत्या. त्यातली आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिघांत मिळून एक. म्हणजे आफ्रिकेत पहिलं येऊनही पुन्हा दुसऱ्या खंडाच्या विजेत्याशी खेळायचं. घानानं यावर आवाज उठवला. राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचा तो घाना, १९६३ आणि १९६५चा आफ्रिकन विजेता, त्या वेळी ऐन भरात होता. आफ्रिकेतल्या देशांनी पात्रता फेरीवरच बहिष्कार टाकला. त्यानंतर फिफानं एक हक्काची जागा दिली आणि १९७०ला मोरोक्को मेक्सिकोला गेला.

पुढे १९८२ला दोन जागा झाल्या, १९९४ला तीन, १९९८ला पाच. २०२६ला नऊ थेट आणि दहावीसाठी एक संधी. परीक्षेला बसायलाच १९७० उजाडलं, तर पहिला नंबर कधी, हे विचारताना निदान तेवढी वर्षं वजा करा.

१९७४ला भिंतीतून पळत येऊन चेंडू उडवणारा तो खेळाडू कोण? त्याला नियम माहीत नव्हते का?

झाईरचा (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक, किन्शासावालं) म्वेपू इलुंगा. समोर ब्राझील, फ्री किक ब्राझीलची, शिट्टी झाली आणि हा भिंतीतून सुसाट आला नि चेंडू लाथाडून दिला. ती चित्रफीत आजही ‘बघा, किती अडाणी’ म्हणून फिरते. मला तिचा राग येतो. इलुंगानं नंतर सांगितलं की नियम त्याला चांगले ठाऊक होते. संघाचे पैसे दिलेले नव्हते, आधीच्या सामन्यात युगोस्लाव्हियानं ९-० धुतलं होतं, आणि झाईरचा हुकूमशहा मोबुटू याच्या माणसांनी बजावलं होतं की ब्राझीलकडून तीनपेक्षा जास्त गोलांनी हरलात तर घरी येऊ नका. सामना ३-०वर संपला. ही माहिती मनात ठेवून ती चित्रफीत पुन्हा बघा, हसू येतंय का ते बघा.

‘खिहोनचा घोटाळा’ म्हणजे काय?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण आज तुम्ही ज्या पद्धतीनं साखळी फेरी बघता ती यातूनच आलेली आहे.

१६ जून १९८२, स्पेनमधलं खिहोन. पहिल्यांदाच विश्वचषक खेळणाऱ्या अल्जीरियानं युरोपच्या विजेत्या पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं. माजेरचा एक गोल, रुमेनिगेनं केलेली बरोबरी, आणि लगेच बेलूमीचा दुसरा. पुढे अल्जीरिया ऑस्ट्रियाकडून ०-२ हरला आणि चिलीला ३-२ हरवलं. त्या चिलीच्या सामन्यात मध्यंतराला ते ३-०नं पुढे होते. नंतर सैलावले आणि दोन गोल खाल्ले. ते दोन गोल लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना होता. अल्जीरियाचे सामने संपलेले असल्यामुळे दोघांनाही हिशेब पाठ होता : जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली की दोघंही पुढे. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशनं गोल केला आणि सामना तिथंच मेला. पुढची ऐंशी मिनिटं पास मागे, पास आडवा, पुन्हा मागे. प्रेक्षक शिट्ट्या मारत राहिले. अल्जीरियाचे पाठीराखे जाळीजवळ येऊन नोटा हलवून दाखवत होते. ऑस्ट्रियाच्या समालोचकानं लोकांना टीव्ही बंद करायला सांगितलं.

फिफानं निकाल कायम ठेवला, कारण नियम कुठलाच मोडलेला नव्हता. मात्र पुढच्या स्पर्धेपासून प्रत्येक गटाचे शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

आणि ते चिलीचे दोन गोल? ते खाल्ले नसते तर खिहोनमध्ये १-० होऊनही जास्त गोल केल्यामुळे ऑस्ट्रियाऐवजी अल्जीरियाच पुढे गेला असता. अर्थात तसं असतं तर त्या दोघांनी हिशेबही वेगळा मांडला असता. पण हाततोंडाशी आलेल्या सामन्यात शेवटी ढिलं पडणं हे दुखणं पुढेही पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून सांगितलं.

सगळ्यात जवळ कोण पोचलं होतं?

कागदावर मोरोक्को. पण मला विचाराल तर १९९०चा कॅमेरून.

८ जून १९९०, मिलान, सलामीचा सामना. समोर मॅराडोनाचा अर्जेंटिना, विश्वविजेता. कॅमेरूनचे दोन खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेले, तरी ओमाम-बियिकच्या हेडरवर १-० जिंकले. मग आला रॉजर मिला. वय ३८. निवृत्तीला लागून रेयुनियन बेटावर खेळत होता, राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी शब्द टाकला म्हणून संघात घेतलेला. राखीव म्हणून उतरून त्यानं चार गोल केले आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यातल्या झेंड्याशी जाऊन कंबर हलवली. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध नेपल्सला ८२व्या मिनिटापर्यंत कॅमेरून २-१नं पुढे होता. चार खेळाडू निलंबनामुळे बाहेर बसलेले असताना! मग ८३व्या मिनिटाला पेनल्टी, जादा वेळेत आणखी एक पेनल्टी, दोन्ही लिनेकरनं मारल्या. ३-२.

बाहेर बसलेले ते चौघं मैदानात असते तर, हा विचार मी अजून करतो.

आणि घाना? सुआरेझनं चीटिंगच केली ना?

नियमाप्रमाणे शिक्षा झाली, मग चीटिंग कसली, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. आमचं यावर २०१०पासून जमलेलं नाही.

झालं असं. उरुग्वेविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना, २ जुलै २०१०, जोहान्सबर्गचं सॉकर सिटी, ८० हजारांहून जास्त लोक. आफ्रिकेतला पहिला विश्वचषक आणि यजमानांसकट बाकी सगळे आफ्रिकन संघ बाहेर गेलेले, त्यामुळे त्या रात्री सगळा खंड घानाचा. सामना १-१. जादा वेळेतलंही शेवटचं मिनिट. घानाची फ्री किक, गोलसमोर झुंबड. एक फटका उरुग्वेच्या सुआरेझनं रेषेवर पायानं अडवला. चेंडू परत आला, डॉमिनिक अडियियानं हेडर मारला, तो मात्र सुआरेझनं सरळ दोन्ही हातांनी बाहेर काढला. लाल कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारला लागून वर गेला. बोगद्याच्या तोंडाशी सुआरेझ उड्या मारत होता.

लोक इथं थांबतात, पण पुढचं जास्त महत्त्वाचं. शूटआऊटमध्ये घानाकडून पहिली पेनल्टी मारायला तोच ग्यान आला आणि ती त्यानं वरच्या कोपऱ्यात घातली. हिंमत म्हणतात ती ही. हुकले ते कर्णधार मेन्सा आणि अडियिया, ज्याचा हेडर हातानं अडवला होता तोच. उरुग्वे ४-२.

खेळाडूंत कमी पडतात का?

गुणवत्तेत नाही, आणि याचे पुरावे उघड्यावर आहेत. १७ वर्षांखालचा विश्वचषक नायजेरियानं पाच वेळा जिंकलाय, घानानं दोनदा. २० वर्षांखालचा घानानं २००९ला ब्राझीलला हरवून आणि मोरोक्कोनं २०२५ला अर्जेंटिनाला २-० हरवून. ऑलिम्पिक सुवर्ण नायजेरियाचं १९९६ला, कॅमेरूनचं २०००ला.

एक तर मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर २०१७, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, १७ वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, माली विरुद्ध स्पेन. माली हरला, १-३. पण चेंडू पायात आला की मालीची पोरं ज्या वेगानं वळायची, त्यानं शेजारचे काका प्रत्येक वेळी अर्धे उठून परत बसत होते. दुसऱ्या सत्रात त्यांचा एक लांबचा फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला. रिप्लेतही आतच दिसला. पंचांनी गोल दिला नाही. काका शेवटपर्यंत खाली बसलेच नाहीत.

पण वय चोरतात ना हे लोक?

तक्रारी खऱ्या होत्या. म्हणून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २००९पासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू झाली. त्या तपासणीनंतरही नायजेरियानं २०१३ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्याकडच्या गल्लीतल्या ‘सोळा वर्षांखालील’ स्पर्धांतल्या मिशा आधी मोजाव्यात.

मग घोडं अडतं कुठं?

संघटनेत. पैसा वेळेवर देणं, विमानाची तिकिटं, सरावाची सोय, आणि सरकारनं लुडबुड न करणं. ऐकायला किरकोळ वाटतं.

२०१४ला ब्राझीलमध्ये घानाच्या खेळाडूंनी मानधन हातात पडल्याशिवाय खेळायचं नाही असं ठरवलं. शेवटी सरकारनं तीस लाख डॉलरहून जास्त रोकड विमानात भरून ब्राझिलियाला पाठवली. बँकेत नाही, रोख. कारण आधीच्या आश्वासनांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. पोर्तुगालविरुद्धच्या निर्णायक सामन्याच्या दिवशी मुंतारी आणि केविन-प्रिन्स बोआटेंग यांना संघातून काढून टाकलं. सामना २-१ हरले, त्यातला एक स्वयंगोल. आता अशा सकाळनंतर रोनाल्डोला कोण अडवणार?

घाना एकटा नाही. २००६ला टोगोचं मानधनावरून असंच झालं, प्रशिक्षक सोडून गेले आणि परत आले. २०१४ला कॅमेरूनचा संघ पैशावरून अडून बसला आणि ब्राझीलला उशिरा निघाला. २०१०ला नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी खराब खेळ केला म्हणून संघ दोन वर्षं स्पर्धांतून काढून घेण्याची घोषणा केली, फिफानं डोळे वटारल्यावर मागे घेतली. प्रत्येक वेळी खेळाडू कुठल्याशा बड्या युरोपीय क्लबातून येतो, जिथं पगार महिन्याला खात्यात पडतो, आणि देशासाठी खेळायला आल्यावर हिशेबनिसाच्या दारात उभा राहतो.

मोरोक्कोनं वेगळं काय केलं?

हेच नीट केलं. राबातजवळ साले इथं मोहम्मद सहावे अकादमी २००९ साली सुरू झाली. तिथून निघालेले युसूफ एन-नेसिरी, अझेद्दिन ऊनाही, नायेफ अगेर्द हे २०२२च्या संघात होते. पोर्तुगालविरुद्धचा तो एकमेव गोल, ज्यासाठी एन-नेसिरी गोलकीपरच्या हातांच्याही वर उडाला होता, तो त्या अकादमीचा समजा. शिवाय राष्ट्रीय संघासाठी मोठं प्रशिक्षण संकुल, महिला फुटबॉलसाठी पैसा, आणि फौझी लेकजा यांच्यासारखा दहा वर्षांहून अधिक काळ टिकलेला फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष.

मैदानावर बचाव पक्का. उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणालाही गोल करता आला नाही, जो एक पडला तो स्वयंगोल. स्पेनविरुद्ध शूटआऊटमध्ये गोलकीपर बोनोनं स्पेनला एकही करू दिला नाही. फ्रान्सविरुद्ध मात्र अगेर्द सामन्याआधीच दुखावला आणि कर्णधार साइस एकविसाव्या मिनिटाला बाहेर गेला. बचावाच्या जोरावर चालणाऱ्या संघाचे दोन्ही मधले खांब काढल्यावर छप्पर किती वेळ राहणार? ०-२.

पण त्यातले निम्मे तर युरोपात जन्मलेले होते!

निम्म्याहून जास्त, २६पैकी १४ मोरोक्कोबाहेर जन्मलेले. हकिमी माद्रिदचा, झियेश आणि अमराबात नेदरलँड्सचे, बोनो तर कॅनडातला. मग काय झालं? हकिमीनं स्पेनऐवजी मोरोक्को निवडला आणि स्पेनलाच शेवटची पेनल्टी चमच्यानं वाढल्यासारखी मारली. जर्सी कुणाची घालायची हे ठरवताना त्यानं काय सोडलं, तेही बघा.

मग फ्रान्सनं २०१८ला जिंकला तो आफ्रिकेनंच जिंकला म्हणायचा का?

नाही. एम्बापे पॅरिसमध्ये जन्मला, जवळच शिकला, फ्रान्सच्या व्यवस्थेनं घडवला. त्याच्या आईवडिलांच्या मुळावरून त्याला ‘खरं तर आफ्रिकन’ म्हणणं त्याच्यावर अन्याय, आणि झियेश-हकिमींना ‘खरं तर युरोपियन’ म्हणणं त्यांच्यावर. दोन्ही वाक्यं बहुधा एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात.

पेले म्हणाले होते ना, २०००च्या आत जिंकतील?

असं भाकीत त्यांच्या नावावर सांगितलं जातं. पेलेंची भाकितं आणि आमच्याकडचा हवामानाचा अंदाज, दोन्ही ऐकून छत्री आपल्या अकलेनं घ्यावी.

परदेशी प्रशिक्षक आणले की फरक पडतो?

आजवर विश्वचषक जिंकलेल्या प्रत्येक संघाचा प्रशिक्षक त्याच देशाचा होता. एकही अपवाद नाही. २०२२ला प्रथमच आफ्रिकेच्या पाचही संघांचे प्रशिक्षक त्या-त्या देशाचे होते आणि त्याच वर्षी आफ्रिकेची मजल सर्वांत लांब गेली. मोरोक्कोच्या वालिद रेग्रागुईंना तर स्पर्धेच्या तीनच महिने आधी नेमलं होतं. यावरून सिद्धांत मांडणार नाही, पण योगायोग म्हणून सोडूनही देणार नाही.

४८ संघ झाल्यामुळे संधी वाढली का?

स्पर्धेत येण्याची वाढली, जिंकण्याची उलट थोडी अवघड झाली. आधी चार बाद सामने जिंकले की चषक हातात. आता पाच, म्हणजे एकूण आठ सामने. गणित करून बघा. प्रत्येक बाद सामन्यात ६० टक्के संधी धरली, म्हणजे प्रत्येक वेळी तुम्हीच वरचढ, तर चार सामन्यांत १३ टक्के. पाच सामन्यांत ८च्या खाली. इथं अकरा चांगले खेळाडू पुरत नाहीत, अठरा-वीस लागतात. दोन मधले बचावपटू एकाच रात्री दुखावले तरी तिसरा-चौथा तेवढाच पक्का हवा.

महिला संघांचं काय?

नायजेरिया १९९९ला उपांत्यपूर्व फेरीत होती. २०२३ला नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि मोरोक्को असे तीन संघ बाद फेरीत गेले, आणि नायजेरियानं इंग्लंडला शूटआऊटपर्यंत नेलं. यावर वेगळं लिहायला हवं, लिहीन.

आपला आणि या सगळ्याचा काय संबंध?

गोव्यात जाऊन हे विचारू नका. डेम्पोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली, दोघंही नायजेरियन, यांच्या गोलांवर आय-लीगची विजेतेपदं गोव्यात आली. इकडे शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांतूनही आफ्रिकेतले खेळाडू उतरलेले आम्ही पाहिलेत. चेंडू गेला की पेठेचा म्हातारा ‘अरे मार की!’ हे त्यालाही मराठीतच ओरडून सांगायचा, आणि त्याला ते कळायचं.

२०२६ला कुणाकडे लक्ष ठेवू?

मोरोक्को, अर्थात. ब्राझील आणि स्कॉटलंड त्यांच्या गटात आहेत. २०२५ला त्यांनी सलग सोळावा सामना जिंकून स्पेनचा पंधराचा जागतिक विक्रम मोडला. दुसरं नाव सेनेगल, फ्रान्स आणि नॉर्वेच्या गटात. २००२ला सोलमध्ये याच फ्रान्सला, तेव्हाच्या विश्वविजेत्याला, सेनेगलनं सलामीलाच १-० हरवलं होतं. आयव्हरी कोस्ट जर्मनीच्या गटात. आणि मौजेखातर केप व्हर्दे : लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे एका कोल्हापूर शहराएवढी. तो देश कॅमेरूनला मागे टाकून आलाय आणि स्पेनशी खेळणार आहे. हे वाचून आमच्या पेठेतल्या एका कार्यकर्त्यानं विचारलं, ‘मग आपण का नाही?’ त्याला मी चहा पाजला.

एकच सामना बघायचा असेल तर?

अल्जीरिया विरुद्ध ऑस्ट्रिया, कॅन्सस सिटी. अर्जेंटिना आणि जॉर्डनबरोबर ते दोघं एका गटात आलेत, आणि हा त्यांचा साखळीतला शेवटचा सामना. आपल्याकडे २८ जूनची, रविवारची सकाळ असेल. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर अर्जेंटिना आणि जॉर्डन खेळत असतील. एकाच वेळी का, ते आता तुम्हाला माहीत आहे.